आरसा, छायाचित्र आणि मी

बीड जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही प्रकाशाचे परावर्तन हा विषय घेतला होता. तीसेक शिक्षक होते. प्रत्येकाला वीतभर लांबीचा एक साधा सपाट आरसा आणि काचेवर उमटणारे स्केचपेन दिले होते. सूचना इतकीच होती की एक डोळा मिटायचा, डोके हलवायचे नाही आणि आरशात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कडा आरशावरच रेखायची. मग फूटपट्टी घेऊन ती आकृती मोजायची आणि हनुवटीपासून कपाळापर्यंतचा खरा चेहराही मोजायचा.

आकृती निम्मी भरली. कुणाचाच विश्वास बसेना. काहींनी आरसा दूर नेऊन पुन्हा रेखून पाहिले. तरी निम्मीच. कारण सोपे आहे. आपण आरशापुढे जेवढ्या अंतरावर असतो, तेवढ्याच अंतरावर आपली प्रतिमा आरशामागे असते. म्हणजे आरशाची काच डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्ये येते. समरूप त्रिकोणांच्या नियमाने काचेवरची आकृती चेहऱ्याच्या निम्मीच असली पाहिजे, अंतर कितीही असो. आपण रोज सकाळी ज्या चेहऱ्याला 'मी' म्हणतो, तो काचेवर निम्म्या आकाराचा असतो आणि हे आयुष्यभर आपल्या लक्षात येत नाही.

त्यानंतर आरशात पाहून कागदावर स्वतःचे चित्र काढायचे होते. ती चित्रे पाहताना मौज वाटली. एका गुरुजींनी चष्मा गाळला होता. एका बाईंनी कपाळावर होती त्यापेक्षा ठसठशीत टिकली काढली होती. एकाने केस दाट केले होते. शेवटी मागच्या बाकावरून एका शिक्षकाने विचारले, "सर, यातला खरा मी कोणता? आरशातला, कागदावरचा, की आधारकार्डावरचा?" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण उत्तर काही आम्हाला देता आले नाही. त्या प्रश्नाचा मागोवा घेत घेत आम्ही जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

आरशात कोण दिसते?

आरशात दिसतो तो मीच, हे कळणे ही साधी गोष्ट नाही. १९७० साली गॉर्डन गॅलप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींना काही दिवस आरशाची सवय करून दिली. मग त्यांना भूल देऊन भुवईवर वास न येणारा रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून ते आपल्या स्वतःच्या भुवईला हात लावू लागले. बहुतेक इतर माकडे मात्र आरशातल्या माकडाला दुसरेच माकड समजतात. माणसाचे मूल साधारण दीड ते दोन वर्षांचे झाले, की या कसोटीला उतरते. त्याआधी ते आरशामागे जाऊन त्या दुसऱ्या बाळाला शोधते, हे घरोघरी पाहायला मिळते.

माणसाने आरसा फार पूर्वी घडवला. तुर्कस्तानात चातालह्युयुक येथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे, घासून गुळगुळीत केलेल्या ज्वालाकाचेचे आरसे सापडले आहेत. हडप्पा संस्कृतीतले तांब्याचे आरसेही मिळाले आहेत. आपल्या मराठवाड्यात तर आरशाची साक्ष दगडात आहे. चालुक्यकालीन मंदिरांच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पे असतात. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर अशा शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. सुरसुंदरींच्या ठरलेल्या प्रकारांपैकी एकीला 'दर्पणा' म्हणतात. हातात आरसा धरून ती साजशृंगार न्याहाळत असते. तिच्या हातातला आरसा काचेचा नाही, धातूचा आहे, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूला घासून चकाकी आणण्याची कला केरळात आरन्मुळा येथे आजही टिकून आहे.

काचेचा चांगला आरसा सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरून जगभर गेला. काचेमागे कथील आणि पारा यांचा थर दिलेला असे. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांची प्रकृती ढासळे आणि आरसा श्रीमंतांच्याच घरी दिसे. १८३५ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराचे क्षपण करून काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रीत शोधली. बारावीच्या प्रयोगशाळेत अल्डिहाइड ओळखण्यासाठी आपण टॉलेन्सची चाचणी करतो आणि परीक्षानळीच्या आत चांदीचा आरसा तयार होतो, ती याच अभिक्रियेची बहीण. पुढे याच रीतीने आरसा स्वस्त झाला. गरिबाच्या घरातही खुंटीला आरसा आला आणि आपण रोज कसे दिसतो हे प्रत्येकाला कळू लागले.

स्वतःच्या हाताने काढलेला मी

आरसा आला आणि त्यापाठोपाठ आत्मचित्र आले. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आरशात पाहून स्वतःचे रेखाचित्र काढले. ते आजही व्हिएन्नात आहे. आपल्या आठवीतल्या मुलाएवढा तो मुलगा. १५०० साली त्याने काढलेल्या आत्मचित्रात तो समोर रोखून पाहणारा, लांब केसांचा, येशू ख्रिस्ताच्या चित्रांची आठवण करून देणारा दिसतो. चित्रकार म्हणजे हाताने काम करणारा कारागीर, अशी त्या काळची समजूत होती. 'माझे स्थान त्याहून वरचे आहे', हे ड्यूरर चित्रातून सांगत होता.

हॉलंडच्या रेम्ब्रांने सुमारे चाळीस वर्षांत ऐंशीच्या आसपास आत्मचित्रे केली. त्यांत तो कधी भिकारी आहे, कधी पूर्वेकडचा सरदार, तर कधी संत पॉल. वेश बदलतात, पण नाक तेच राहते, आणि वय मात्र चित्रागणिक प्रामाणिकपणे वाढत जाते. वेश बदलून तो स्वतःलाच निरनिराळ्या बाजूंनी तपासून पाहत होता.

विज्ञान शिक्षकाला सगळ्यांत उपयोगी पडेल ते व्हॅन गॉगचे चित्र. डिसेंबर १८८८ मध्ये त्याने आपला डावा कान कापला. जानेवारी १८८९ मध्ये त्याने पट्टी बांधलेली दोन आत्मचित्रे काढली. त्या चित्रांत पट्टी उजव्या कानावर दिसते! चित्रकाराची चूक झाली नव्हती. त्याने आरशात जे दिसले, ते काढले. पार्श्विक उलटापालट शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

विसाव्या शतकात स्त्रियांनी आत्मचित्राला आणखी धार आणली. अमृता शेरगिल (१९१३-१९४१) हिचे वडील शीख आणि आई हंगेरियन. पॅरिसमध्ये शिकत असताना १९३४ साली तिने स्वतःला ताहिती बेटावरच्या स्त्रीच्या रूपात रंगवले. युरोपियन चित्रकार पूर्वेकडच्या स्त्रीकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर तिने स्वतःवर घेऊन पाहिली. मेक्सिकोची फ्रिडा काहलो हिने घटस्फोटानंतर १९४० साली काढलेल्या चित्रात ती पुरुषाचा सैल कोट घालून खुर्चीवर बसली आहे, हातात कात्री आहे आणि कापलेले केस सगळीकडे पसरले आहेत. त्या दोघींनीही आपले रूप बदलले ते स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

फोटो काढायला बसलेला मी

१८३९ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने भिंगावरचे झाकण काढले, धावत जाऊन कॅमेऱ्यासमोर बसला आणि हालचाल न करता थांबला. माणसाने स्वतःच काढलेले स्वतःचे हे सर्वांत जुन्या छायाचित्रांपैकी एक. आज ज्याला सेल्फी म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार. बीड मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. ते निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १९४८ पर्यंत तसेच राहिले. त्या संस्थानाचे रूप कॅमेऱ्यात पकडले ते लाला दीनदयाळ यांनी. ते शिकलेले अभियंते. सहावे निझाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि 'राजा' ही पदवी त्यांना मिळाली. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमल्या. परपुरुषाच्या नजरेला न पडता आपले चित्र काढून घेण्याची सोय त्यामुळे झाली. अर्थात ही चैन सरदारघराण्यांची होती.

सामान्य माणसापर्यंत फोटो पोचला तो तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओमुळे आणि जत्रेतल्या पडद्यामुळे. पडद्यावर ताजमहाल, कारंजे किंवा विमान रंगवलेले असे. स्टुडिओत कोट, टाय, घड्याळ, काळा चष्मा उसना मिळे. आमच्या वडिलांचा तरुणपणीचा एकमेव फोटो असाच उसन्या कोटातला आहे. तो कोट त्यांचा नव्हता, म्हणून तो फोटो खोटा म्हणायचा काय? आम्हाला तसे वाटत नाही. शिकून नोकरीला लागायचे, हे त्या कोटात लिहिलेले आहे.

रूप बदलण्याला आपल्याकडे मानही होता. बहुरूपी दारोदार वेगवेगळी सोंगे घेऊन येई आणि लोक त्याला धान्य घालत. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७) यांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका अशा वठवल्या, की घरंदाज स्त्रिया त्यांच्या लुगडे नेसण्याच्या आणि दागिने घालण्याच्या पद्धतीचे अनुकरण करीत, असे सांगतात.

दुसऱ्याच्या वहीतला मी

आता दुसरी बाजू. १८८० नंतर पॅरिसच्या पोलिसांत आल्फाँस बर्तियाँ याने कैद्यांची डोकी, हात, पाय मोजून नोंदी ठेवायला सुरुवात केली. एक फोटो समोरून, एक बाजूने, प्रकाश आणि अंतर ठरलेले, चेहऱ्यावर भाव नको. आपल्या ओळखपत्रावरचा फोटो असा निर्जीव का दिसतो, याचे मूळ इथे आहे. तो फोटो आपल्याला सांगू देण्यासाठी नसतो, आपल्याला शोधून काढता यावे यासाठी असतो.

बोटांच्या ठशांची कथा तर भारतातलीच. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. तिथल्या ठसे वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली. ती घडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता.

याच काळात ब्रिटिश सरकारने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा केला. संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार ठरवायची, तिची नोंद ठेवायची आणि हालचालींवर पाळत ठेवायची, असा तो कायदा होता. पारध्यांसारख्या जमातींवर बसलेला हा शिक्का १९५२ साली कायदा रद्द होऊनही समाजाच्या मनातून पुसला गेलेला नाही, हे बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना सांगायला नको. या कायद्याचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो. तो हिजड्यांसंबंधी होता. नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेश किंवा दागिने घातले, तर विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. तो भाग उत्तर भारतातल्या प्रांतांसाठी होता. पण वेश हा गुन्हा ठरू शकतो, ही कल्पना त्याने कायद्याच्या पुस्तकात आणली. बालगंधर्वांच्या शालूला टाळ्या पडल्या, आणि रस्त्यावरच्या माणसाच्या लुगड्याला बेडी.

स्वतंत्र भारतात ओळखीचे कागद आले ते हक्क मिळवून देण्यासाठी. १९९३ मध्ये निवडणूक आयोगाने मतदारांसाठी छायाचित्र ओळखपत्राचा आदेश काढला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिली आधारकार्डे वाटली गेली. चेहरा, दहा बोटे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळे असा हा ऐवज. पण ज्याच्या हातात वर्षानुवर्षे कोयता, पहार किंवा माती असते, त्याच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीची नोंद 'एक कोयता' अशी होते. दोन माणसे, पण वहीत ना चेहरा ना दोन नावे, एक अवजार फक्त. कोणत्या वहीत आपण कसे दिसतो, यावर काय मिळते आणि काय नाकारले जाते, हे अवलंबून असते.

माजलगावचा शिपाई

हा प्रश्न बीड जिल्ह्यातून थेट उच्च न्यायालयात गेला, ती गोष्ट अलीकडची आहे. माजलगाव तालुक्यातील राजेगावात जन्मलेल्या मुलाची नोंद मुलगी म्हणून झाली. २०१० साली तीच नोंद घेऊन ते महिला शिपाई म्हणून जिल्हा पोलीस दलात भरती झाले. मात्र आपण स्त्री नाही, ही जाणीव त्यांना पूर्वीपासून होती. पुढे वैद्यकीय तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. २०१७ साली त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा आणि नंतर पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली नाही. भरतीचे निकष स्त्री-पुरुषांसाठी वेगळे आहेत, ही अडचण पुढे आली. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. हा सेवेचा विषय असल्याने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे, असे न्यायालयाने सुचवले. अखेर मे २०१८ मध्ये राज्य सरकारने परवानगी दिली आणि त्याच महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे या नावाने ते पुन्हा सेवेत रुजू झाले. पुढे त्यांचे लग्न झाले आणि ते वडीलही झाले. आपली हकीकत त्यांनी वृत्तपत्रांना स्वतः मोकळेपणाने सांगितली, म्हणूनच ती इथे लिहीत आहोत.

शिक्षकांनी या निमित्ताने पाठ्यपुस्तकातले एक वाक्य पुन्हा वाचावे. 'एक्स-एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा.' वाक्य बहुतेकांना लागू पडते, पण पुरे नाही. नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने १९०५ साली पिठातल्या किड्यांत वाय गुणसूत्राचा नर असण्याशी संबंध दाखवला. १९९० साली वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक सापडले. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलग्याची आणि मुलीची जननग्रंथी सारखीच दिसते. मग हे जनुक काम करू लागले, तर वृषण तयार होतात, त्यांतून संप्रेरके स्रवतात, पेशींवरचे ग्राहक ती ओळखतात आणि मग बाहेरची इंद्रिये घडतात. साखळीतली कोणतीही कडी वेगळी वागली, तर गुणसूत्रे एक सांगतात आणि बाह्यरूप दुसरे. सुईण किंवा डॉक्टर जन्मवेळी पाहतात ते फक्त बाह्यरूप. नोंदवहीत तेच चढते, तिथून शाळेच्या दाखल्यावर आणि तिथून नोकरीच्या कागदावर. मूळ निरीक्षण अपुरे असेल, तर ते किती वेळा नकलून घेतले तरी पुरे होत नाही. विज्ञानात आपण अशा वेळी नोंद दुरुस्त करतो. माणसाच्या बाबतीत दुरुस्ती मागणाऱ्यालाच आधी स्वतःची साक्ष द्यावी लागते.

रूप आणि ओळख यांची गाठ दाखल्यावरच्या एका शब्दाने पक्की होत नाही, हे एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तृतीयपंथीयांच्या प्रकरणात म्हटले होते. लिंगओळख ही ज्याची त्याने सांगायची गोष्ट आहे, असा त्या निकालाचा आशय होता. साळवे यांचे प्रकरण त्याहून वेगळे होते. पण कागदाने माणसाप्रमाणे बदलावे की माणसाने कागदाप्रमाणे राहावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

वर्गात काय करता येईल?

निम्म्या आकाराचा आरशातला प्रयोग सातवीपासून पुढे कुठेही करता येतो. दुसरा प्रयोग मोबाइलवर होतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या संमतीने त्याचा समोरून फोटो काढावा आणि त्याची डावी-उजवी बाजू उलटवलेली प्रतही तयार करावी. त्याला स्वतःला कोणता आवडतो आणि मित्रांना कोणता, हे वेगवेगळे विचारावे. १९७७ साली अमेरिकेत मीटा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला, तेव्हा बहुतेकांना स्वतःची आरशातली बाजू आवडली आणि मित्रांना खरी बाजू. जे रोज दिसते, ते आवडू लागते. 'माझा फोटो चांगला येत नाही', या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

तिसरी कृती आत्मचित्राची. वर्षातून तीनदा करावी, जूनमध्ये, दिवाळीआधी आणि परीक्षेनंतर. चित्राखाली 'या चित्रात मी काय दाखवले आणि काय लपवले' अशा दोन ओळी लिहायला सांगाव्यात. चित्र दाखवायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. रंगावरून, वणावरून कुणी बोलणार नाही, याची हमी शिक्षकाने आधी द्यावी. बीडमध्ये दिवाळीच्या सुमारास काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात. त्यांना जाताना एक वही आणि पेन्सिल द्यावी आणि परत आल्यावर त्यांच्या चित्रांना भिंतीवर जागा ठेवावी. हजेरीपटावर त्या महिन्यांत त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा असतात. चित्रात ती मुले हजर असतील.

शिबिरातल्या त्या शिक्षकाच्या प्रश्नाला आज आम्ही असे उत्तर देऊ. आरशातला तुम्ही उलटा आणि निम्मा आहात. आधारकार्डावरचे तुम्ही दुसऱ्याला सापडण्यापुरते आहात. कागदावरचे तुम्ही चष्मा गाळून काढलेले असलात, तरी तेवढे एकच चित्र तुमच्या हातचे आहे. तिन्ही उपयोगी आहेत. पण जेव्हा त्यांचा मेळ बसत नाही, तेव्हा आधी त्या माणसालाच विचारावे.